गैरहजर

विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून आल्यापासून दिग्रसचे राजकुमार सर तांड्यावर गेले, की आईला एकेका सभेचा अर्थ फोडून सांगत. "याडी, अधिसभा म्हणजे सगळ्यायची मोठी सभा. विद्वत परिषद नुसत्या प्राध्यापकायची, अन् चर्चवाल्यायची ते धर्मसभा."

"मंग आपल्या तांड्याची नसाब बसते न्यायनिवाड्याले, तसंच हाय हे," धनीबाई भाकर थापता थापता म्हणाली. "अन् लोकंच नाही आले तं?"

"तं सभा तहकूब! अर्धा तास थांबाचं. मंग जेवढे हजर, तेवढेच ठरवतात. गैरहजर असन त्याले ते मान्यच करा लागते."

"चांगला कायदा हाय," धनीबाई म्हणाली.

लग्नाचा विषय निघाला, की सरांची हमखास कुठलीतरी सभा निघायची. पुढच्या रविवारी मुलीकडची मंडळी तांड्यावर येणार होती. "महत्त्वाची मिटिंग हाय," असं फोनवर सांगून सर दिवसभर दिग्रसच्या खोलीवर लोळत पडले.

संध्याकाळी आईचा फोन आला.



"पोरगी हजर होती बेटा, तूच नव्हता. तुह्या कायद्यानं अर्धा तास थांबलो, अन् मंग गूळ खाऊन सोयरीक पक्की केली."