श्रद्धांजलीचा फ्लेक्स

चौकात फ्लेक्स चढला हे कळल्यावर इंदुताईंनी आधी विळा शोधला, मग चप्पल.

फ्लेक्सवर त्यांच्या रविराजचा गणवेशातला फोटो होता. वर काळ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली हात जोडलेला गावपुढारी रणजीत, रविराजपेक्षा चांगला दुप्पट मोठा. निवडणूक जवळ आली की रणजीतला गावातल्या प्रत्येक घराचा कळवळा येई. हेलिकॉप्टर दुरुस्त करणाऱ्या रविराजला त्याने परस्पर ‘वीर पायलट’ करून टाकलं होतं.

“मावशी, आख्खं गाव दुःखात हाय,” रणजीत शिडीखालून म्हणाला.

“माझा पोरगा गेला असं तुला कुणी सांगितलं?”

“टीव्हीवर दाखवलं की. त्यांच्या तळावरची सगळी हेलिकॉप्टरं जळाली.”

“कुणी दाखवलं? शत्रूनं. आपल्या सरकारनं न्हाई. बाजूला हो, न्हाईतर दोरीसंगट तुझं बोटबी जाईल.”

रणजीत बाजूला झाला. इंदुताईंनी दोऱ्या कापल्या, फ्लेक्सची वळकटी करून काखेत मारली आणि घरची वाट धरली. वाटेत थांबून कुणाचा आधार मागायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

युद्ध सुरू झालं आणि रविराजचा फोन बंद झाला. आणि आज सकाळी शत्रूच्या वाहिनीने तळाच्या नावासकट चित्रफीत दाखवली. ओळीने उभी हेलिकॉप्टरं, वरून सुसाट काहीतरी येतं, मग नुसता जाळ. लष्कर खरं म्हणेना, खोटंही म्हणेना. गावाने मात्र निकाल लावून टाकला होता.

ओसरीवर बायका जमल्या होत्या. एकीने पदर डोळ्याला लावताच इंदुताई कडाडल्या, “रडायचं आसंल तर आपापल्या घरी. हितं फकस्त चहा मिळंल.”

“सूनबाई कुठं हाय?” शेजारच्या यशोदाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न इंदुताईंना नको होता. सूनबाई कामावर गेली होती. वर्षाली एमआयडीसीतल्या ताडपत्रीच्या कंपनीत शिवणकामाला होती. सकाळी तिने ती चित्रफीत मोबाइलवर थांबवली, बोटांनी मोठी केली आणि हेलिकॉप्टरच्या शेपटीकडे टक लावून बघत राहिली. मग ओढणी तोंडाला लावून आत पळाली. पोर मोडली, असं इंदुताईंना वाटलं. पण थोड्या वेळाने ती डबा घेऊन बाहेर आली. “आत्याबाई, शिफ्टला जाते. जिवाला लावून घेऊ नका,” म्हणाली आणि निघाली. इंदुताईंना ते लागलं होतं, पण बोलायचं कुणापाशी?

यशोदाबाईंनी आवाज उतरवला. “आमचा सुजित तिच्या शेजारच्या कंपनीत हाय. त्याचा आत्ताच फोन आला. तुमच्या सुनंच्या कंपनीत बातमी बघून टाळ्या वाजल्या. पेढे वाटले म्हणं.”

शत्रूशी, टीव्हीशी, रणजीतशी इंदुताई दिवसभर भांडल्या असत्या. पण पेढे? त्यांनी काखेतली वळकटी खाली आपटली आणि रिक्षा बोलावली.

कंपनीच्या गेटवर सुपरवायझर ज्ञानदेव आडवा आला. हल्ली इथले नियम भलतेच कडक झाले होते. मोबाइल गेटवरच ठेवायचे, बाहेरच्याला आत सोडायचं नाही. वर्षालीसुद्धा घरी कामाचं अवाक्षर काढत नसे.

“मावशी, आत नाही सोडता येणार.”

“मग सुनंला भाईर काढ. न्हाईतर हितंच बसते, आन् येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ह्या कंपनीत पोरांच्या मरणाचे पेढे वाटत्यात.”

वर्षाली धावतच आली. इंदुताईंचा हात वर गेला आणि तिथेच थांबला.

“नवऱ्याच्या तळावर आग लागली आन् तू पेढा खाल्लास?”

“खाल्ला,” वर्षाली म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते, तरी ती मान ताठ ठेवून उभी होती. “आत्याबाई, त्या हेलिकॉप्टरांच्या शेपटीचा पंखा उलट्या बाजूला होता. सगळ्याच्या सगळ्यांचा. ती चूक आमची. माझ्याच हातची.”

इंदुताईंनी तिच्यामागच्या शेडकडे पाहिलं. म्हणजे ताडपत्रीच्या नावाखाली इथे हेलिकॉप्टरचे भाग बनत होते? आणि घात केला तो घरच्याच हातांनी?

“तुला ठावं व्हतं? तरी पाठवलीस?”

“शेपटी कापायचा फर्मा उलटा पडला होता. कळलं तेव्हा गाडी भरली होती. साहेब म्हणाले, वरनं कुणाला दिसतंय, जाऊ द्या.”

“वर्षाली, बास!” ज्ञानदेव ओरडला. “सह्या केल्यात आपण. आत नेलंस तर नोकरी जाईल.”

“जाऊ दे. आत्याबाई घरी जाऊन कपाळ बडवणार आन् मी तोंड शिवून बसणार, हे मला न्हाई जमायचं.”

तिने सासूचं मनगट धरलं आणि ज्ञानदेवला ढकलून शेडमध्ये शिरली.

आत हेलिकॉप्टर उभं होतं. अख्खं. मातकट हिरवा रंग, काचा, चाकं, वरची लांब पाती, सगळं चित्रफितीत होतं तसंच. कुठेतरी यंत्र घरघरत होतं. दिवसभर गावाला पुरून उरलेल्या इंदुताईंचा आवाज पहिल्यांदाच फुटला.

“आसल्यातच व्हता का गं माझा रविराज?”

“ह्यात कुणीच नसतं, आत्याबाई,” वर्षाली म्हणाली आणि वाकून तिने हवेच्या पंपाचं बटण बंद केलं.

हेलिकॉप्टरने लांब सुस्कारा सोडला. पाती लोंबली, शेपटी वाकली, आणि बघता बघता इंदुताईंच्या पायाशी ताडपत्रीचा ढीग झाला.