आत आधीच कोणीतरी

मुलगी तापाने फणफणली होती, म्हणून ती त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिने लॅपटॉपवरून ऑफिसमधला आपला लिनक्स कॉम्प्युटर जोडला. पासवर्ड चालला, पण स्क्रीन काळीच राहिली.

तिने पुन्हा जोडून पाहिलं, रंगांचं सेटिंग बदललं. काही फरक नाही. जागरणांनी तिचं अंग आंबून गेलं होतं, आणि काम तर आजच द्यायचं होतं.

शेवटी तिने सुट्टीवरच्या सहकाऱ्याला फोन लावला.

"अगं, तुझ्याच नावाने तिथे कोणीतरी आधीच लॉगिन असणार," तो वैतागून म्हणाला. "एका नावाने दोन ठिकाणी डेस्कटॉप उघडत नाही. आधी त्याला बाहेर काढ."

तिने तपासलं. खरंच कोणीतरी आत होतं, थेट तिच्या टेबलावरच्या कीबोर्डवरून. तिने त्याला बाहेर काढलं.

ते लगेच पुन्हा आत आलं.

पासवर्ड तिने कधी कोणाला सांगितला नव्हता. मग तिने ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मावशींना फोन केला.

"मावशी, माझ्या टेबलापाशी कोण बसलंय, जरा बघता का?"

चपलांचा आवाज आला. दार करकरलं. मग मावशी अगदी दबक्या, मायेच्या आवाजात बोलल्या.

"हळू बोला ना, ताई. आत्ताच कुठे डोळा लागलाय तुमचा."