भुईगावचं घर, भाडं नऊ हजार

"वहिनी, पाण्याचं आधीच सांगते," ज्ञानदा म्हणाली. "मार्च उजाडला की विहीर मचूळ होते. मग टँकर. दर आठवड्याला."

विनितानं बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. शहाळ्यासारखं गोड होतं. खोटंच बोलायचं तर जावेनं निदान तपासता येणार नाही असं काहीतरी शोधायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं.

सव्वीस जानेवारीची सुट्टी होती. विनिता आणि तिचा नवरा सुमेध भुईगावला पहिल्यांदाच आले होते. धाकटा दीर संकेत आणि ज्ञानदा इथं येऊन वर्ष होत आलं, पण इतके दिवस विनितानं त्यांची कीवच केली होती. आठवड्यापूर्वी ज्ञानदानं घरच्या ग्रुपवर अंगणाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, भाडं फक्त नऊ हजार. कांदिवलीच्या दीड खोलीला बावीस हजार मोजणाऱ्या बाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सुमेधला ती म्हणाली की आपल्यालाही तिकडे परवडेल का, ते एकदा बघून येऊ. त्याला ऑफिसात आठवड्यातून दोनच दिवस जावं लागे, तेव्हा विचार काही वेडगळ नव्हता. पण खरं सांगायचं तर विनिता जळत होती.

हा तिचा जुना आजार. दुसऱ्याच्या ताटातला लाडू तिला कायम मोठा दिसे. सासूबाईंनी सुनांना साड्या वाटायला कपाट उघडलं तेव्हा ज्ञानदा म्हणाली होती की ती जांभळी पैठणी विरलीये, राहू दे. विनितानं लगेच तीच ओढून घेतली. पहिल्याच नेसण्यात ती टर्रकन फाटली, तर विनिता म्हणाली, हिचीच नजर लागली.

ज्ञानदानं घर दाखवलं. तीन खोल्या, ओटा, मागं केळी आणि दोन माड. दाखवता दाखवता तिची रडगाणी चालूच होती. स्टेशनला जायचं तर रिक्षावाले मागतील ते द्यायचं. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. वाडीतली भाजी पहाटेच दादरला जाते, इथल्यांना उरलीसुरली, तीही दादरच्याच भावात. आणि खारी हवा अशी, की गॅसची शेगडीसुद्धा गंजून गेली.

विनितानं शेगडीकडे पाहिलं. ती नवीकोरी होती.

माळ्यावर सुतळीनं बांधलेली खोकी रचलेली होती. एवढ्या नव्या वस्तू घेतल्या आणि उघडायलाही सवड नाही, या विचारानं तिच्या पोटात आणखी दुखलं.

"मालक कोण?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एडवर्ड अंकल. गिरीजला असतात," ज्ञानदा म्हणाली. "पण तुम्ही या भानगडीत पडू नका वहिनी. तुम्हाला नाही झेपणार हे."

ते वाक्य विनिताला मिरचीसारखं झोंबलं. ज्ञानदा चहा टाकायला आत गेली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एडवर्ड अंकलचा नंबर ठसठशीत लिहिलेला होता. विनितानं तो मोबाइलमध्ये उतरवून घेतला.

परतताना सुमेधनं हिशेब मांडला. टँकर, रिक्षा, इन्व्हर्टर, सगळं धरून तो म्हणाला, "ती सांगते ते खरं मानलं तर कांदिवलीच स्वस्त पडतं."

"खरं मानलं तर ना," विनिता म्हणाली.

पुढच्याच रविवारी ती एकटी गिरीजला गेली. एडवर्ड अंकल केळीच्या बागेत पाट वळवत होते. सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. ज्ञानदाची जाऊ म्हणून तिनं ओळख दिली आणि ते घर आपल्याला हवं असल्याचं सांगितलं. भाडं अकरा हजार देईन, असंही म्हणाली. सख्ख्या दिराच्या डोक्यावरचं छप्पर आपण काढून घेतोय, हे तिला कळत होतं. पण घर काही त्यांच्या नावावर नव्हतं, आणि दोन हजार जास्त द्यायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

अंकलनी हात पुसले. "पाण्याचं ठाऊक आहे ना, बाय?"

"जावेनं सगळं सांगितलंय," ती हसून म्हणाली.

"मग नंतर तक्रार नको. करार तीन वर्षांचा. अनामत दोन लाख. मुदतीआधी सोडलंत तर अनामत बुडाली. आपल्या जागी दुसरा भाडोत्री आणलात, तरच परत."

मुदतीआधी सोडतंय कोण, असं विनिताच्या मनात आलं. ज्ञानदाचं काय, असं तिनं विचारलं. तर ते मी बघतो, मार्चच्या एक तारखेला घर रिकामं मिळेल, एवढंच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात विनितानं कांदिवलीची खोली सोडत असल्याची नोटीस दिली. सुमेध कुरकुरला, पण भावाला तोंड कसं दाखवायचं यापलीकडे त्याच्याकडे मुद्दा नव्हता. दोन लाख त्यांच्या मुदतठेवीतले, तेवढीच शिल्लक होती. ती मोडायचा फॉर्म विनितानं दोनदा बाजूला सारला. मग तिला घर सोडून जाणाऱ्या ज्ञानदाचा चेहरा दिसला आणि तिनं तो भरून टाकला.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला एडवर्ड अंकलच्या ओट्यावर सह्या व्हायच्या होत्या. स्टॅम्पपेपर कुठून आणायचा असं तिनं फोनवर विचारलं, तेव्हा अंकल म्हणाले होते की कागद आहे, तुम्ही फक्त या.

तिनं चेक दिला. अंकलनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. मग तिनं दाखवतील तिथं सह्या केल्या. पानोपानी, मोठ्या, वळणदार. ज्ञानदाला आयुष्यभर पुरेल असा धडा मिळाला, असं तिला वाटत होतं.

शाई वाळावी म्हणून तिनं पहिला कागद हवेत हलवला, तसा तो उलटला. मागं स्टॅम्पविक्रेत्याचा शिक्का होता आणि त्याखाली बॉलपेननं भरलेल्या तीन ओळी.

खरेदीदार: सौ. विनिता सुमेध खानविलकर.

हस्ते: सौ. ज्ञानदा संकेत खानविलकर.

तारीख: २ जानेवारी.