सावडीचा दिवस

रूपेशने बाहेरच्या कडीला कुलूप लावून पाहिलं, उघडून कडीलाच अडकवलं आणि किल्ली बायकोच्या हातात ठेवली.

"शेतावर जाशील तवा लाव. परवा आय किन्हवलीच्या स्टँडवर गावली. दर वेळी कोन आनून सोडनार?"

एसटीचा हॉर्न वाजला तसा तो कामावर निघाला.

गिरजा दारातच उभी राहिली. भाताची रोपं उपटून शेतात ठेवलेली. आज लावली नाहीत तर पिवळी पडणार. आत सासू, चिमाबाई, भिंतीला टेकून बसली होती.

"आये, चला शेतावर."

"तू कोन गो? मी नाय येत परक्या बाईसंगती. माझी सून येयल, तिच्यासंगती जायन."

गिरजाने दार ओढलं. कडी निम्मी सरकवली आणि थांबली. मग दार पुन्हा उघडून म्हणाली, "मावशी, काल मी तुमच्या शेतावर राबले. आज तुमी माझ्या शेतावर यायचं. सावड ठरली ना आपली?"

चिमाबाईने कपाळाला आठ्या घातल्या. कालचा दिवस काही आठवणीत सापडला नाही. पण चेहरा ओशाळला.

"मंग आधी सांगायचा नाय? बाय माझ्याकडं राबली नि मी बसून ऱ्हायले!"

तिने खुंटीवरचा प्लास्टिकचा कागद स्वतःच काढून डोक्यावर घेतला. कुलूप उघड्या कडीला तसंच लटकत राहिलं.

चिखलात पाय पडताच चिमाबाई वाकली. हातातल्या मुठीतून रोपं सुटी होऊन ओळीत उभी राहू लागली. थोड्या वेळाने तिने शेजारी पाहिलं.

"हात उचल गो जरा. माझी सून असती तर कवाच बांधाला लागली असती."

लग्न झाल्यापासून गिरजाने हे कधी ऐकलं नव्हतं. तिने मान आणखी खाली घातली आणि हसू चिखलाला दाखवलं.

"लय चपळ हाय का सून?"

"हाय. तिला सांगू नको पन. चढून बसेल डोक्यावर."

दुपारी दोघी बांधावर भाकरी खायला बसल्या. चिमाबाईने शेतावरून नजर फिरवली.

"तुझा शेत आमच्यासारखाच दिसतो गो."

"शेजारीच हाय, मावशी."

"मंग बरा झाला. उद्या तू ये माझ्याकडं." चिमाबाईने आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "इसरू नको."