खुरप्याचा मान

"नको बाई, मला कुठं जमतंय," सुलेखाताई म्हणाल्या आणि आग्रहाची वाट पाहू लागल्या.

खडकबाग मंडळाची रीतच तशी होती. अध्यक्षपदासाठी नाव सुचवलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा हात जोडायचे. तिसऱ्यांदा लोक ऐकत नाहीत आणि लाल दोरा बांधलेलं खुरपं हातात देतात. मग वर्षभर बिनपगारी, फुल अधिकारी. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट ठरायचा. केशवराव गेली नऊ वर्षं याच रीतीने अध्यक्ष होत आले होते.

ताईंना ते खुरपं हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात होता आणि दिवसभरात फोन वाजलाच तर तो कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचा असायचा. कुणीतरी घाईघाईने यावं आणि "ताई, हा दगड कुठं ठेवू?" असं विचारावं, एवढंच त्यांना वाटायचं. पण मंडळातल्या मंजुषाने नाव सुचवलं तशी तोंडातून 'नको'च निघालं. ताकाला जाऊन भांडं लपवायची जन्माची खोड, ती एका सकाळीत कशी जाणार?

दौलताबादच्या रस्त्यावरच्या जुन्या खदानीत ही बाग होती. काळ्या दगडांच्या फटींतून कोरफड, घायपात आणि निवडुंग लावलेले. मधल्या सपाट कातळावर सतरंजी टाकून सतरा सभासद बसले होते. केशवराव एकटेच स्टुलावर होते. ताईंनी आल्या आल्या ते स्टूल पाहिलं होतं. नंतर त्यांनी केशवरावांचा इस्त्रीचा सदरा पाहिला, नवं कव्हर घातलेलं रजिस्टर पाहिलं, मांडीवरचा किल्ल्यांचा जुडगा पाहिला. जागा सोडणारा माणूस असा नटून येतो होय? आणि नाही सोडली तर? आणि सोडली, तर आपण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढला असं नाही का होणार?

"नक्की नको, ताई?" केशवरावांनी विचारलं.

ही दुसरी खेप. ताईंनी हात जोडले. "नको हो. तुम्ही आहात की!"

केशवरावांनी मांडीवरच्या किल्ल्या चाचपल्या. मग म्हणाले, "ठीक आहे. ज्याला नको, त्याच्यावर मी लादणार नाही." त्यांनी पेन काढलं आणि रजिस्टरमधल्या ताईंच्या नावावर रेघ मारली.

तिसरी खेप आलीच नाही. मंडळात आजवर असं कधी कुणी केलं नव्हतं. ताई सतरंजीचा दोरा उपसत बसल्या. मनात म्हणाल्या, सुटत नाही हो म्हाताऱ्याला. माझं नाव खोडायला कसा हात चालला बघा.

"मंग आपले साहेबच!" कडुबा म्हणाला. बागेतले निम्मे दगड त्याने पहारीने हलवून बसवले होते. खुरपं त्याच्याचजवळ होतं. "दुसरं कोण हाय?"

"नाही, कडुबा. यंदा खरंच नको."

सगळे हसले. "दरसाल हेच म्हणता राव," कडुबा म्हणाला. "लई आढेवेढे घेता तुम्ही."

केशवरावांनी हात जोडले. हसू आणखी वाढलं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. कडुबा खुरपं घेऊन पुढे आला तसे केशवराव मंजुषाच्या खांद्याचा आधार घेत उठले. गुडघा सरळ व्हायला वेळ लागला. तेवढ्यात मांडीवरच्या किल्ल्या घसरल्या आणि ताईंच्या पायाशी पडल्या.

ताईंनी त्या उचलल्या. प्रत्येक किल्लीला कडा झिजलेली, पिवळी पडलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर केशवरावांचंच, जुन्या कारकुनासारखं गोल आणि स्वच्छ. 'फाटक. कुलूप थोडं उचलून फिरवा.' 'पाण्याची टाकी. दर मंगळवारी भरा.' 'अवजारांची खोली. दार खांद्याने ढकला.'

ताईंनी चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. ही कुलपं केशवराव नऊ वर्षं उघडत होते, तीही कुणाशी तरी बोलता बोलता, किल्लीकडे न बघता. त्यांना कशाला हव्या होत्या चिठ्ठ्या?

त्यांनी मान वर केली. टाळ्या चालूच होत्या. केशवरावांचा हात खुरप्याकडे निघाला होता, पण त्यांची नजर खुरप्यावर नव्हती. ते एकेका सभासदाच्या तोंडाकडे बघत होते आणि जो तो हसून मान डोलावत होता. ताईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या क्षणी उठून घरी जावंसं वाटलं. त्या उठल्या, पण घरी गेल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आग्रह केलेला नसताना त्यांनी हात पुढे केला.

"थांब कडुबा, ते इकडे दे," त्या म्हणाल्या. "माझं 'नको' खोटं होतं."

टाळ्या थांबल्या.

"त्यांचं खरं आहे. नऊच्या नऊ वर्षांचं."