सातवा पेला
स्कॉटलंडातल्या पीबल्सच्या जत्रेत स्पर्धेसाठी नावं झाकून स्कॉच एल, म्हणजे तिथली गडद बिअर, चाखली जात होती. सातव्या पेल्यातला घोट घेताच परीक्षक इशबेल थबकली. बार्लीचा रस आटवताना तळाला जरासा लागू देण्याची खोड तिच्या नवऱ्याची, आणि त्याला हिवाळ्यातच पुरलं होतं. लेकानं त्याची शेवटची बाटली गुपचूप पाठवली असणार. जन्मभर त्या माणसाला इथलं पदक हवं होतं. “ही करपलीय,” शेजारचा परीक्षक वॉटी म्हणाला. “बाद करू?” तिनं एक शब्द टाकला असता तर पदक मिळालं असतं. पण ओळखीची चव लागली की टेबलावरून उठायचं, हा नियम तिनंच घातलेला. “मी उठते. घरची आहे.” वॉटी ओशाळला. “अगं, मग मी बोललोच नाही समज. बस खाली.” “नको रे. त्याला असलं पदक चाललं नसतं.” परीक्षक घोटभरच चाखतात, तिनं पेला तळापर्यंत रिकामा केला.