पाण्याची पाळी

“बापाची लेक ती. पाणी बापालाच देणार!”

ज्ञानू विहिरीच्या काठावरून ओरडला. ऐकवायचं होतं थोरल्या भावाला, आकारामला. पण गेल्या उन्हाळ्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून तोंड मात्र आईकडं, राहीबाईंकडं होतं.

आकारामच्या लेकीनं, रेश्मानं मान वर केली नाही. ती मोटारीच्या पेटीत तारा जोडत होती. सांगलीच्या एका कंपनीत ती सी भाषेत प्रोग्रॅम लिहायची. रजा काढून माण तालुक्यातल्या गावी आली होती ती या विहिरीसाठी. विहिरीत पाणी एका वेळी एकाच मोटारीपुरतं. गेल्या उन्हाळ्यात दोघांनीही एकदम मोटारी लावल्या. दोन्ही जळाल्या, आणि भाऊ तुटले.

“आज हे जमलं न्हाई तर उद्या बोरची गाडी येतीया, आई,” ज्ञानू म्हणाला. “मग विहीरबी नको आन् भाऊबी नको.”

राहीबाईंनी बांधाकडं पाहिलं. त्यांचे मालक हयात होते तेव्हा पाळी हाकेवर चालायची. एकाचं भिजलं की बांधावरून हाळी यायची, मगच दुसऱ्याचं इंजिन सुरू व्हायचं. आता हाळी द्यायची कुणी?

“आजी, ह्याला सेमाफोर म्हणतात,” रेश्मा म्हणाली. “ह्याच्याजवळ परवानगी एकच. माझ्या आप्पांनी घेतली की उरली शून्य. मग काकांनी बटण दाबलं तरी त्यांची मोटार लागत नाही, नंबर धरून थांबते. आप्पांनी परवानगी सोडली की आपोआप लागते.”

“आन् त्यानं सोडलीच न्हाई तर गं?”

“तर काका थांबून राहणार. ज्यानं घेतली त्यानंच सोडायची. कुणी थांबलंय एवढं मात्र खांबावरचा दिवा सांगेल.”

“मग तासाचा हिशेब घाल की त्यात!”

“घालता येतो, आजी. घातला नाही.”

राहीबाई नातीकडं बघतच राहिल्या. साऱ्या भावकीला जे जमलं नव्हतं, त्यात या पोरीनं हात घातला होता.

आकारामची मोटार लागली. तो कांद्याच्या वाफ्यांत पाणी वळवायला, दारं धरायला गेला. थोड्या वेळानं ज्ञानूनं आपलं बटण दाबलं. मोटार गप्प. खांबावर लाल दिवा पेटला.

“बघ! म्हणलं नव्हतं?” ज्ञानू आईवर खेकसला.

वाफ्यात आकारामनं खोरं टेकलं. तो दिव्याकडं बघत उभा राहिला, मग दिव्याखाली बसलेल्या भावाकडं. पाणी वाहतच होतं. शेवटी तो चिखलाच्या पायांनी विहिरीवर आला, परवानगी सोडायचं हिरवं बटण दाबलं आणि वळला.

त्याची मोटार थांबली. ज्ञानूची लागली. ज्ञानू दचकून उठला आणि खोरं घेऊन रानाकडं पळाला.

“चाललं, आजी! अगदी बरोबर चाललं!” रेश्मा टाळ्या पिटत म्हणाली. “आप्पांचं झालं, मग काकांचं!”

राहीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आकारामच्या रानातले निम्मे वाफे अजून कोरडेच होते.